केटामाइन आणि नैराश्यावरील उपचार

केटामाइन हे मुळात भुलीचे औषध. कमी मात्रेत दिल्यास तीव्र नैराश्य काही तासांत ओसरू शकते, म्हणून मनोविकारशास्त्रात त्याला महत्त्व आले. १९६२ मध्ये कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते अमेरिकेत तयार केले. नैराश्यावरील पहिली छोटी नियंत्रित चाचणी येल विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केली.

फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ती सेरोटोनिन या मेंदूतील रासायनिक संदेशवाहकाचे पुनःशोषण रोखतात. केटामाइनचे लक्ष्य वेगळे : ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाचा एनएमडीए ग्राही, म्हणजे पेशीवरचा संदेश झेलणारा रेणू. या ग्राहीच्या वाहिनीत शिरून ते ती बुजवते. ग्लुटामेट तर चेतापेशींना उद्दीपित करणारा. मग त्याचीच वाट अडवून उभारी कशी येते? एक प्रचलित स्पष्टीकरण असे, की मेंदूला आवर घालणाऱ्या गाबा पेशींवरचे ग्राही आधी बंद पडतात, ग्लुटामेटचा लोंढा सुटतो, तो ग्लुटामेटच्याच एएमपीए नावाच्या दुसऱ्या ग्राहींना चेतवतो, चेतापेशींच्या वाढीला मदत करणारे बीडीएनएफ हे प्रथिन स्रवते आणि नव्या चेतासंधी तयार होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा जोडण्या एका दिवसात वाढलेल्या दिसल्या. पण एवढ्याने कोडे सुटत नाही. स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे मेमँटिनही हाच ग्राही अडवते, तरी नैराश्यावर ते चालत नाही.

शिरेतून द्यायची नेहमीची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. म्हणजे ६० किलो वजनाच्या रुग्णाला ३० मिलिग्रॅम. एका मात्रेचा परिणाम बहुधा आठवडाभरात विरतो, त्यामुळे सुरुवातीला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा देतात. एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका रूपाचा नाकातील फवारा अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला : ५६ किंवा ८४ मिलिग्रॅम, दवाखान्यातच, नंतर किमान दोन तास देखरेख. आधी दोन तास जेवायचे नाही, कारण मळमळ होते. रक्तदाब साधारण ४० मिनिटांनी सर्वाधिक चढतो. सुरुवातीलाच तो १४०/९० च्या वर असेल तर डॉक्टरांनी जोखीम तोलूनच पुढे जावे. त्या दिवशी वाहन चालवू नये. आपण शरीरापासून सुटे झालो असे काहींना वाटते. ही अवस्था बहुधा दोन तासांत निवळते. वारंवार गैरवापराने मूत्राशयाला गंभीर इजा होते आणि व्यसनही जडते, म्हणून घरी स्वतःहून घेण्याचे हे औषध नव्हे.

ही वेगळी अनुभूतीच संशोधनाला अडचणीची ठरते. सलाइन मिळाले की औषध, हे रुग्ण ओळखतो आणि अपेक्षेचा परिणाम मोजमापात मिसळतो. म्हणून काही चाचण्यांत तुलनेसाठी मिडाझोलॅम हे गुंगी आणणारे औषध देतात. भुलीत ही अनुभूती कळत नाही, म्हणून २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या, नैराश्य असलेल्या ४० रुग्णांना केटामाइन किंवा सलाइन दिले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले.