सोयाबीनवर आळ, कारखाना चरबीत

माहीमच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड उगवतो: सोयाबीन खाऊ नका, त्यात इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक (हार्मोन) असतं, स्तनाचा कॅन्सर होतो. परवा तो वाचून तळमजल्यावरच्या काकूंनी सोया चंक्सचं अख्खं पाकीट घरकामाच्या ताईंना देऊन टाकलं. (ताईंना कॅन्सर का होणार नाही, हे मी विचारलं नाही.)

सोयाबीनमध्ये असतात आयसोफ्लेव्होन्स नावाची वनस्पतींतली द्रव्यं. त्यांची ठेवण इस्ट्रोजेनसारखी, म्हणून ती इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटतात. पण त्यांचा जोर फारच कमी. रोजच्या जेवणातल्या सोयाबीनने हा कॅन्सर वाढतो, असं बायकांवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही.

काकू 58 वर्षांच्या, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. बीजांडकोश केव्हाच निवृत्त झाले. तरी त्यांच्या अंगात इस्ट्रोजेन तयार होतंच, आणि ते होतं मुख्यतः चरबीत. ही गंमत मला फार आवडते.

मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी या वयातही अँड्रोस्टेनडायोन नावाचं, पुरुषी गटातलं संप्रेरक रक्तात सोडतात. त्यात 19 कार्बन. चरबीच्या उतीत अ‍ॅरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) त्याला पकडतं आणि तीन टप्प्यांत, दर टप्प्याला ऑक्सिजनचा एक रेणू खर्चून, एक कार्बन उपटून काढतं. तो फॉर्मिक आम्ल होऊन बाहेर पडतो. काही मुंग्या शत्रूवर फवारतात तेच आम्ल! मागे उरतो 18 कार्बनचा सांगाडा, आणि त्याचं पहिलं कडं आता बेन्झीनसारखं सपाट, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक झालेलं असतं. विकराचं नाव त्यावरून, सुवासाशी संबंध नाही. हे झालं इस्ट्रोन. दुसरं एक विकर त्याच्या 17 व्या कार्बनवर हायड्रोजन चढवतं, की कितीतरी जास्त जोरकस इस्ट्राडायोल तयार.

स्तनात चरबी असतेच, त्यामुळे माल तिथेच बनतो आणि शेजारच्या पेशींना तिथेच मिळतो. फुगून मेलेल्या चरबीपेशींभोवती भक्षक पेशी गोळा झाल्या की त्यांच्या दाहक रसायनांनी अ‍ॅरोमॅटेज आणखी वाढतं. त्यात इन्सुलिन चढं असेल, तर इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. पाळी गेल्यावरचा लठ्ठपणा आणि स्तनाचा कॅन्सर यांचं नातं बरंचसं इथे आहे. या कॅन्सरवरची लेट्रोझोलची गोळी हेच अ‍ॅरोमॅटेज अडवते. अर्थात गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतील तरच तिचा उपयोग.

एरवी इस्ट्रोजेन काही खलनायक नाही. तरुणपणी तेच चरबी नितंब-मांड्यांवर ठेवतं, इन्सुलिनचं काम सुरळीत चालू देतं. ते घटलं की चरबी पोटाकडे सरकते. आमच्या ग्रुपवर ‘हार्मोन बॅलन्स’चा काढाही विकतात, हार्मोन म्हणजे वाण्याचा तराजू नव्हे.

काकूंना एवढंच म्हटलं, शिवणाची टेप काढा. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची धोक्याची रेघ 80 सेंटीमीटरची. टेप सापडली. सोया चंक्स मात्र परत मागता येईनात, ताईंच्या घरी त्यांचा रस्सा झाला होता.