चेन टाईट म्हणजे बाईक फिट?

पावसाळी राईडच्या आदल्या रात्री हमखास येणारा फॉरवर्ड, जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० असेल तर चेन एकदम टाईट करून घ्या, पिकअप वाढतो, आवाज जातो.

ढिली चेन स्प्रॉकेटवरून (चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक) उतरते हे खरंच आहे, म्हणून हा समज पसरला असणार आणि त्यात कोणाची चूक नाही. पण मागचं चाक एका जागी नसतं ना, खड्ड्यात ते वर-खाली होतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वर-खाली होणारा दांडा) पिव्हट, म्हणजे त्याची बिजागरी, आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की पुढच्या स्प्रॉकेटपासून अ‍ॅक्सलचं अंतर सगळ्यात जास्त, तेव्हाच चेन सगळ्यात ताणली जाते. आधीच टाईट असेल तर तो ताण बेअरिंगवर, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो, आणि आपल्या मुंबईत खड्ड्यांना काय तोटा!

बिल्डिंगखाली स्वतःच बघा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, खालच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा, बऱ्याच जुन्या बाईकना साधारण २५ ते ३० मिमी ढील लागते, पण आकडा मॅन्युअलचाच धरायचा. चाक हाताने थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे सगळ्यात टाईट लागेल तिथलं माप धरा (बोटं स्प्रॉकेटपासून लांब!). मग एखाद्या जाड्या मित्राला सीटवर बसवा आणि परत बघा, ढील बदललेली दिसेल. अ‍ॅडजस्ट केलीच तर मागच्या अ‍ॅक्सलजवळच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा.

आणि आवाज येत असेल तर आधी चेन पुसून ल्यूब मारा, बऱ्याचदा कोरडी चेनच ओरडत असते.