डब्लेट की दोन सिंगलेट? प्रोटॉन एनएमआरमधल्या दोन रेषांचा निवाडा

प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनांचे सिग्नल चुंबकीय क्षेत्रात मोजण्याच्या पद्धतीत) सारख्या उंचीच्या दोन रेषा शेजारी दिसल्या की ‘डब्लेट’, म्हणजे एकाच गटाचा दुभंगलेला सिग्नल, असे लिहून मोकळे व्हायची घाई होते. त्या दोन वेगळ्या गटांचे सिंगलेट (न दुभंगलेल्या एकेरी रेषा) असतील, तर पुढची सगळी रचनाच चुकते.

डब्लेटमधले अंतर शेजारच्या केंद्रकाशी होणाऱ्या कपलिंगमुळे (चुंबकीय जोडणीमुळे) पडते आणि ते हर्ट्झमध्ये ठरलेले असते. दोन सिंगलेटमधले अंतर म्हणजे केमिकल शिफ्टचा, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या जागेचा, फरक; तो पीपीएममध्ये (यंत्राच्या वारंवारतेच्या दशलक्षांश भागांत) कायम राहतो, म्हणून चुंबक जितका मोठा तितके हर्ट्झ वाढतात. ७ हर्ट्झचा डब्लेट ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावरही ७ आणि ६०० वरही ७. डायमिथाइलफॉर्मामाइडचे दोन मिथाइल मात्र ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये साधारण २.८८ आणि २.९६ पीपीएमला येतात: ४०० वर ३२ हर्ट्झ, ६०० वर ४८. दुसरे यंत्र उपलब्ध असेल तर आधी हीच कसोटी लावावी.

अंतर मोजताना पीक-पिकिंग हर्ट्झमध्येच करा. ४०० वर ०.०१ पीपीएम म्हणजे ४ हर्ट्झ. दोन दशांशांच्या पीपीएम आकड्यांची वजाबाकी करून काढलेल्या ‘जे’ला (कपलिंगच्या हर्ट्झमधल्या अंतराला) काही अर्थ उरत नाही. त्याआधी टीएमएसची, म्हणजे शून्य पीपीएम ठरवणाऱ्या संदर्भ पदार्थाची, रेषा पाहा. तीच दुभंगली असेल तर दोष शिमिंगचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्याचा, आहे.

एकच यंत्र असेल तर जोडीदार शोधा. कपलिंग एकतर्फी नसते. आयसोप्रोपिलच्या ६ प्रोटॉनांच्या डब्लेटसमोर १ प्रोटॉनाचा सेप्टेट (सात रेषांचा सिग्नल) हवा, आणि दोन्हीकडे ‘जे’ ७ च्या आसपास. एचएसक्यूसीत (कोणता प्रोटॉन कोणत्या कार्बनवर आहे ते दाखवणाऱ्या द्विमितीय स्पेक्ट्रममध्ये) साध्या डब्लेटच्या दोन्ही रेषा एकाच कार्बनवर येतात. डायमिथाइलफॉर्मामाइडचे ते दोन मिथाइल मात्र साधारण ३१ आणि ३६ पीपीएमच्या वेगवेगळ्या कार्बनांवर.

जोडीदार दिसत नाही एवढ्यावरून मात्र सिंगलेट ठरवू नये. ट्रायमिथाइल फॉस्फेटचे मेथॉक्सी सुमारे ११ हर्ट्झचा डब्लेट देतात, कारण जोडीदार फॉस्फरस आहे आणि तो प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये दिसणारच नाही. फॉस्फरस डिकपल केला, म्हणजे त्याचे कपलिंग यंत्रावरून बंद केले, की रेषा एक होते. एन-मिथाइल अमाइडचा सुमारे ५ हर्ट्झचा डब्लेटही असाच फसवतो, कारण एनएचचा सिग्नल पसरट असतो. जड पाण्याचा थेंब घालून हलवा; एनएचच्या हायड्रोजनाची ड्युटेरियमशी अदलाबदल झाली की डब्लेटची एकच रेषा होते. पण अमाइडची अदलाबदल संथ असते, लगेच स्पेक्ट्रम घेतला तर डब्लेट तसाच दिसेल.

रोटॅमरची (बंधाभोवती संथ फिरण्यामुळे वेगळ्या दिसणाऱ्या एकाच रेणूच्या रूपांची) शंका असेल तर ड्युटेरेटेड डीएमएसओमध्ये ८० ते १०० अंश सेल्सिअसला मोजा. ड्युटेरोक्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास उकळतो, त्यात हा प्रयोग नको. रेषा आधी रुंदावून मग एक झाल्या तर रोटॅमर. बारीकच राहून एकमेकींवर सरकल्या तर तो केवळ शिफ्टचा योगायोग असू शकतो.

सर्वांत फसवी जागा म्हणजे डायास्टेरिओटॉपिक सीएचटूची एबी प्रणाली: एकाच कार्बनवरचे दोन प्रोटॉन समान नसतात, एकमेकांशी कपल होतात आणि चार रेषा देतात. समजा रेषा ०, १२, २० आणि ३२ हर्ट्झवर आहेत. ‘जे’ १२. जोड्यांच्या मध्यांतले अंतर २० येते, पण खरा शिफ्टफरक हा बाहेरच्या रेषांतले अंतर गुणिले आतल्यांतले अंतर, याचे वर्गमूळ: ३२ गुणिले ८ म्हणजे २५६, म्हणून १६. इथे आतल्या रेषा बाहेरच्यांच्या चौपट उंच असतात. नमुना पातळ असेल तर बाहेरच्या दोन्ही गोंगाटात बुडतात आणि उरलेल्या दोघींवर ‘डब्लेट, ८ हर्ट्झ’ अशी चिठ्ठी लागते. अशा वेळी स्कॅन वाढवा आणि दोन्ही कडांना एकमेकींइतक्याच अंतरावर (इथे १२ हर्ट्झ) बुटक्या रेषा आहेत का, ते पाहा.