अजिंक्यतारा चढताना पोटात काय होतं?

पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलं की निम्मा सातारा भेटतो. कुणी चार भिंतीपर्यंत जाऊन परत फिरतं, कुणी थेट गडाचा दरवाजा गाठतं. उतरल्यावर चहाच्या गाड्यावर एक वाद ठरलेला: अनशापोटी चालावं की खाऊन? आमच्यातले एक निवृत्त मास्तर छातीठोकपणे सांगतात, "अनशापोटीच! चरबी जळते." हे सांगणारे मास्तर घरून दोन चमचे साखरेचा चहा घेऊनच निघालेले असतात, पण आमच्या हिशेबात चहा म्हणजे काही खाणं नव्हे.

मास्तरांचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते जिथे थांबतात, तिथून पुढे खरी गंमत सुरू होते.

शरीर पिठूळ पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ते 500 ग्रॅम. रात्री नऊला जेवून झोपलो तरी मेंदू जागाच असतो आणि तासाला चार-पाच ग्रॅम ग्लुकोज मागत राहतो. ते पुरवतं यकृत. त्यामुळे पहाटे यकृताचा डबा बराच रिकामा झालेला असतो. स्नायूंचा मात्र जवळपास भरलेला. कारण साखर पुन्हा रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं, ते स्नायूंकडे नसतंच. आपल्या डब्यातली वाटीभर साखर ते शेजाऱ्याला उसनी देत नाहीत. म्हणून 'रात्रभर उपाशी, अंगात ताकद कुठली' ही भीती तासाभराच्या चालण्यापुरती तरी फोल आहे.

पहाटे रक्तातलं इन्सुलिनही खाली असतं. इन्सुलिन म्हणजे चरबीच्या कोठाराचं कुलूप. ते सैल असलं की चरबी सहज बाहेर पडते आणि चढ चढताना तीच जास्त जळते. पोहे खाऊन निघालात तर इन्सुलिन वर जातं, कुलूप लागतं आणि पाय साखरेवर चालतात. इथवर मास्तर पूर्ण बरोबर.

मग अनशापोटी चालणारे लवकर बारीक का होत नाहीत? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 तरुणींचे दोन गट केले. दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केलेला, व्यायामही सारखाच: आठवड्यातून तीन दिवस, तासभर. एका गटाने तो उपाशी केला, दुसऱ्याने आधी पेय घेऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन उतरलं होतं, चरबीही उतरली होती, पण दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरं. तरी निकाल समजायला अवघड नाही. सकाळी चरबी जास्त जाळली तर उरलेल्या दिवसात शरीर साखर जास्त वापरून बरीचशी भरपाई करतं. गड चढून-उतरून आपण जेमतेम 300 कॅलरी खर्च करतो. ती सगळी चरबीतून आली असं धरलं तरी चरबी जळाली 33 ग्रॅम. खाली आल्यावर एक वडापाव खाल्ला की हिशोब जवळपास चुकता.

तरीही मास्तरांच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती वजनापेक्षा मोलाची. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात जास्त वजनाच्या पुरुषांना सहा आठवडे सायकल चालवायला लावली. 2019 साली त्याचे निष्कर्ष आले. नाश्त्याआधी सायकल चालवणाऱ्यांनी त्या वेळात दुसऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट चरबी जाळली. वजन मात्र दोन्ही गटांत सारखंच उतरलं. पण उपाशी गटाचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. पोट सुटलेल्या, पण अजून मधुमेह नसलेल्या माणसासाठी हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता माझी फजिती. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 21 किलोमीटरची. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं. तिच्या सरावाला एका रविवारी मी अनशापोटी निघालो. आदल्या रात्री पुण्याहून उशिरा आलो होतो, जेवणाऐवजी ताक पिऊन झोपलेलो. सव्वा तास मजेत गेला. मग पाय कापसाचे झाले, गार वाऱ्यात घाम फुटला आणि बरोबरच्या मित्रावर मी काही कारण नसताना खेकसलो. त्याने उत्तर न देता पिशवीतून केळं काढून हातात दिलं. कठड्यावर बसून ते खाल्लं आणि दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो.

हे कोडं शंभर वर्षांपूर्वीच उलगडलंय. 1924 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे गलितगात्र होऊन पोचले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना आदल्या दिवशी पिठूळ पदार्थ जास्त खायला दिले, धावताना कँडी दिली, आणि ती अवस्था टळली. हे वाचून आमच्या गटात लगेच कंदी पेढ्याचा प्रस्ताव आला. पेढ्याचं नाव कँडीवरूनच पडलं असं म्हणतात, पण दोघांचं काम एक नाही. खव्यातलं स्निग्ध पोटात रेंगाळतं. धावताना गुळाचा खडा किंवा साधी गोळी बरी.

म्हणजे प्रश्न खावं की न खावं हा नसून किती वेळ आणि किती जोराने, हा आहे. तासाच्या आतलं चालणं असेल तर मनाला येईल तसं करा. दीड-दोन तासांचा घाट असेल तर आधी खायलाच हवं. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास असेल तर एक केळं. दोन-तीन तास असतील तर पोहे किंवा उपमा. भरपेट मिसळ खाऊन लगेच पळू नका. जोराच्या व्यायामात शरीर रक्त पोटाकडून पायांकडे वळवतं आणि मिसळ तिथेच अडून बसते.

खाशाबा जाधवांच्या या जिल्ह्यात तालमीची रीत जुनी आहे: पहाटे उपाशीपोटी जोर-बैठका, नंतर दूध-बदामाची थंडाई. ती विज्ञानाच्या फार लांब नाही. स्नायूंचा डबा सकाळी भरलेलाच असतो आणि मेहनतीनंतर लागणारी प्रथिनं दुधातून मिळतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी इन्सुलिन वाढवते, व्यायामही साखर खाली आणतो. दोन्ही एकदम झालं की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. अशांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अनशापोटी गड चढू नये. हे मी गाड्यावर सांगितलं तेव्हा मास्तर गप्प झाले. मग त्यांनी खिसा उलटा केला. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तीन चमचे साखर होती. "बायको देते रोज," म्हणाले, आणि पुडी पुन्हा खिशात ठेवली.