डास सोडून डास संपवायचे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पावसाने उघडीप दिली की ठाणे-नवी मुंबईत डेंग्यूची धास्ती सुरू होते. दिवा, कळवा, मुंब्रा या भागांत पाण्याचा भरवसा नसल्यामुळे घराघरात निळा ड्रम असतो. महापालिकेचा आरोग्य कर्मचारी झाकण उचलून आत बॅटरी मारतो, वळवळणाऱ्या अळ्या दाखवतो, औषध टाकतो आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, असं बजावून पुढच्या दाराकडे वळतो. पण ड्रम नुसता ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ड्रमच्या आतल्या बाजूला, आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणजे ड्रम घासायला हवा. ज्याला उद्या नळाला पाणी येईल की नाही याची खात्री नाही, त्याला भरलेला ड्रम रिकामा करून घासायला सांगणं सोपं आहे, त्याने ते करणं अवघड आहे.

अशा वेळी ‘डास सोडूनच डास कमी करू’ ही कल्पना लोकांचं लक्ष वेधून घेते यात नवल नाही. नर डास चावत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. मग नर निकामी करून लाखोंनी सोडले, तर माद्या त्यांच्याशी जुळतील आणि पुढची पिढी घटेल. अमेरिकेत एडवर्ड निपलिंग यांनी हाच विचार गुरांना छळणाऱ्या स्क्रूवर्म माशीबाबत मांडला. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडून ती माशी तिथून संपवण्यात आली.

डासांवर असा प्रयोग भारतात सत्तरच्या दशकातच झाला होता, हे आज फार थोड्यांना आठवतं. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र दिल्लीत होतं. दिल्लीच्या आसपासच्या गावांत रसायनाने वांझ केलेले क्यूलेक्स या दुसऱ्या प्रकारच्या डासाचे नर सोडले गेले. पुढे हरियाणातल्या सोनीपतमध्ये एडिसचे नर सोडायचं ठरलं आणि तिथे ठिणगी पडली. प्रकल्पाचा पैसा अमेरिकेचा होता. एडिस हा पीतज्वराचाही वाहक, आणि पीतज्वर भारतात नाही. मग परक्या देशाला आपल्या एडिसमध्ये एवढा रस का, जैविक युद्धाची तयारी तर नाही ना, असा सवाल पीटीआय वृत्तसंस्थेच्या बातम्यांमधून उभा राहिला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. त्याच अहवालात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाचीही झाडाझडती झाली, कारण त्यातही अमेरिकेचा, तोही लष्कराचा, पैसा होता. सोनीपतचा बेत रद्द झाला, केंद्राचं कामही थांबलं.

युद्धाचा संशय सिद्ध झाला नाही. पण मला त्या प्रकरणात जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: ज्यांच्या अंगणात डास सोडायचे, त्यांना पैसा कुणाचा, रसायन कोणतं, हे आधी नीट सांगितलं गेलं नव्हतं. शास्त्रज्ञांचा हेतू चांगला असेलही, तरी लोकांना अंधारात ठेवलं की संशयाला आयतीच जागा मिळते.

पुढचं पर्व ऑक्सफर्ड विद्यापीठातून २००२ मध्ये निघालेल्या ऑक्सिटेक कंपनीचं. इथे किरणोत्सार नाही, रसायन नाही, थेट जनुकातच बदल. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या जातीत असं जनुक घातलं होतं की टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं नाही तर संतती वाढ पुरी होण्याआधीच मरते. प्रयोगशाळेत ते औषध देऊन डास वाढवायचे, बाहेर नर सोडायचे. २००९-१० मध्ये कॅरेबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर ते सोडले गेले. कंपनीने एडिस सुमारे ८० टक्के घटल्याचं जाहीर केलं, पण जगाला या प्रयोगाची खबर लागली ती तो उरकल्यावर. पुन्हा तीच चूक. मग मलेशिया, ब्राझील. ब्राझीलमधल्या जाकोबिना शहरात सोडलेल्या डासांचा जनुकीय वारसा स्थानिक डासांत उतरल्याचं २०१९ च्या एका शोधनिबंधाने म्हटलं, त्याच्या निष्कर्षांवर कंपनीने आणि काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. फ्लोरिडात मात्र २०१६ मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं: की हेवन या वस्तीने नकार दिला, बाकी जिल्ह्याने होकार. डास प्रत्यक्ष सुटले २०२१ मध्ये, दुसऱ्या वस्त्यांमध्ये, आणि तेही नव्या जातीचे. या जातीत फक्त मादी संतती मरते, नर जगतात.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध आहे. जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सिटेकच्या डासांच्या, उघड्या हवेतल्या पण जाळीबंद पिंजऱ्यांमधल्या चाचण्या सुरू झाल्या. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्यावर २०१० मध्ये आलेली स्थगिती तेव्हाही कायम होती आणि परवानग्यांचा मार्ग तोच, पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीचा. पिंजऱ्याबाहेर हे डास भारतात सोडले गेले नाहीत. जनुकीय बदल केलेल्या कीटकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती २०२३ मध्ये.

दरम्यान एक वेगळी वाट पुढे आली, ती वोल्बाकिया या जिवाणूची. हा जिवाणू शरीरात असलेल्या एडिसमध्ये डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इथे जनुकात बदल नसतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुदुच्चेरीच्या आपल्या सरकारी डास-संशोधन केंद्रानेही अशा दोन जाती तयार केल्या आहेत. वादात हे दोन्ही प्रकार सर्रास एकाच पारड्यात घातले जातात. तसं करू नये.

आणखी एक गोष्ट इथल्या माणसाला स्पष्ट सांगायला हवी. नवी मुंबईत धारण तलाव आणि नाल्यांच्या कडेला संध्याकाळी जो डास हैराण करतो, तो बहुतेक वेळा क्यूलेक्स असतो, घाण पाण्यातला. एडिस दिवसा चावतो आणि घराजवळच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. वर सांगितलेले नवे डास एडिसपुरतेच आहेत. ते आले म्हणून वाशी-घणसोलीतली संध्याकाळची चावाचावी थांबणार नाही, नालेसफाई सुटणार नाही, दिव्यातल्या नळाला वेळेवर पाणीही येणार नाही.

उद्या ठाण्यात असा प्रस्ताव आलाच, तर डास कोणत्या जातीचा, बदल कोणता, पैसा कुणाचा, सोडणं थांबवल्यावर काय होईल आणि मोजदाद कोण करणार, याची उत्तरं प्रभागातल्या सभेत, मराठीत, डासांची पहिली पेटी उघडण्याआधी मिळाली पाहिजेत. आणि नाही म्हणायचा हक्क दिव्यातल्या चाळीला घोडबंदरच्या टॉवरइतकाच असला पाहिजे.