व्हल्कन एक्सएच ५५८ : उडवायला पैसे जमले, ठेवायला नाही

व्हल्कन हे ब्रिटिश हवाई दलाचं जुनं जेट बॉम्बर, आणि एक्सएच ५५८ हे त्यातलंच एक विमान. १९८२ च्या फॉकलंड युद्धातली ती लांबलचक बॉम्बिंग मोहीम सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे व्हल्कनची ती बाजू इथे सोडून देतो. ती करणारं व्हल्कन, एक्सएम ६०७, इंग्लंडमधल्या वॉडिंग्टनच्या हवाई तळावर उघड्यावरच उभं आहे. हवाई दलाने बॉम्बर म्हणून व्हल्कन १९८२ च्या अखेरीस बंद केली, हवेत इंधन भरणारी टँकर व्हल्कन १९८४ पर्यंत चालली. एक्सएच ५५८ मात्र एअर शोसाठी उडत राहिलं, १९९२ पर्यंत, मग खर्च परवडत नाही म्हणून तेही विकलं आणि मार्च १९९३ मध्ये ते इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर उतरलं.

खरा वाद इथून पुढचा. नव्या मालकांनी इंजिनं चालू ठेवली, विमान रनवेवर पळवत राहिले, आणि पुढे एका ट्रस्टने ते परत उडवायचं ठरवलं, त्यासाठी ब्रिटनच्या सरकारमान्य लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे २७ लाख पौंड मिळाले. तेव्हाच काही लोक म्हणत होते की एवढ्या पैशात म्युझियममधली किती विमानं छपराखाली आली असती. मला ते तेव्हाही पटलेलं आणि आजही पटतं. पण १८ ऑक्टोबर २००७ ला ते उडालं आणि मग आठ सीझन लोकांनी गर्दी करून पाहिलं, तो आवाज ऐकायला माणसं लांबून यायची, हेही खरंच आहे.

सोपं कधीच नव्हतं. मे २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या इंजिनात ओढल्या गेल्या आणि दोन इंजिनं गेली, आणि व्हल्कनची ही ऑलिंपस इंजिनं काही नवीन बनत नाहीत, जुना साठा संपला की विषय संपला. शिवाय एवढ्या गुंतागुंतीच्या माजी लष्करी विमानाला मूळ बनवणाऱ्या कंपन्यांच्या वारसदारांचा तांत्रिक पाठिंबा असल्याशिवाय उडायची परवानगी मिळत नाही. २०१५ नंतर तो पाठिंबा द्यायचा नाही असं अशा तिन्ही कंपन्यांनी ठरवलं. जाणकार माणसं रिटायर होत होती, आणि या विमानाचे उड्डाणतास इतर कुठल्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त झालेले. चाहते आजही त्या कंपन्यांवर चिडतात, ते अन्याय्य आहे. कुणीतरी नाही म्हणायलाच हवं होतं.

शेवटचं उड्डाण २८ ऑक्टोबर २०१५ ला झालं. उतरल्यावरची सोय मात्र आधीच करायला हवी होती. इंग्लंडमधल्या डॉनकास्टर विमानतळावरच्या हँगरमधून २०१७ मध्ये विमान बाहेर आलं, स्वतःचा हँगर बांधायचा प्लॅन पैशाअभावी बारगळला, आणि २०२२ च्या अखेरीस तो विमानतळच बंद पडला. त्याच काळात हेंडन, डक्सफर्ड, कॉसफर्डच्या म्युझियममधली व्हल्कन निवृत्तीनंतर परत न उडता छपराखाली होती.