कोकण किनाऱ्यावरील कॅम्पर व्हॅन प्रवास

झोपण्याची जागा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि जमल्यास शौचालय अशी सोय असलेल्या वाहनातून मुक्काम बदलत केलेल्या प्रवासाला कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन प्रवास म्हणतात. महाराष्ट्रात तो मुख्यतः रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर, मांडव्यापासून रेडीपर्यंत केला जातो. ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम. त्यातही दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिने सर्वांत सुखाचे.

घरच सोबत असल्याने कुणावर अवलंबून राहावे लागत नाही, हा या प्रवासाचा लौकिक. कोकणात तो फार काळ टिकत नाही. गाडी उभी राहते ती कुणाच्या तरी आगरात (माड-पोफळीच्या बागेत) किंवा देवळाच्या आवारात, टाकी भरते कुणाच्या तरी विहिरीवर आणि पुढचा रस्ता चालू आहे की नाही हे आदल्या दिवशी तिथून गेलेला दुसरा प्रवासी सांगतो. गावची माणसे आणि सोबतचे प्रवासी या दोन आधारांवरच इथला प्रवास चालतो, म्हणून खालील माहितीत गाडीच्या यंत्रापेक्षा त्यांना अधिक जागा दिली आहे.

वाहने आणि नियम

ट्रॅव्हलर, विंगर यांसारख्या बसवजा गाड्या आतून बदलून घेणे ही सर्वांत रूढ पद्धत आहे. ईको किंवा जुनी ओम्नी आतून मोकळी करून दोघांपुरती गाडी बनवणारेही पुष्कळ आहेत. मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन कोकणात क्वचित दिसते. वाडीतल्या दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) वाटेवर ती वळवणे अवघड जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल मंजुरीशिवाय करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आसने काढून पलंग आणि गॅस बसवलेल्या गाडीची नोंद आरटीओकडे बदलून घेतली नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क उभारण्याची तरतूद त्यात आहे. किनाऱ्यावरचे बहुतेक मुक्काम मात्र अजूनही खासगी जागेतच होतात.

मुक्कामाची जागा

दिवस मावळायच्या आत जागा ठरवणे हा या प्रवासातील रोजचा मोठा प्रश्न. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली इथली पर्यटन महामंडळाची निवासस्थाने, घरगुती राहण्या-जेवणाची ठिकाणे, देवस्थानांची भक्तनिवासे आणि मोठ्या अंगणाची घरे हे नेहमीचे पर्याय आहेत. रात्रीचे जेवण त्याच घरी घेतल्यास गाडी लावायला आणि न्हाणीघर वापरायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. या व्यवहारात दोघांचेही भले आहे. फुकट जागा शोधत फिरण्यापेक्षा हाच मार्ग चांगला.

आधी विचारणे महत्त्वाचे. मोकळा दिसणारा सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार), ओस पडलेले आगर, समुद्राकडेची सुरूची बाग, सगळ्याला कुणीतरी मालक असतो. तो मुंबईत असला तरी शेजाऱ्याला ठाऊक असतो. “काका, रात्रभर गाडी इथं लावली तर चालेल का?” या प्रश्नाला बहुधा “लावा, पण माडाखाली नको,” असे उत्तर येते. या सल्ल्यातला दुसरा भाग गंभीरपणे घ्यावा. उंचावरून पडलेला नारळ पुढची काच फोडतो आणि वाळलेली झावळी छतावरचे सौर पॅनल निकामी करते.

आंब्याच्या बागेत फेब्रुवारी ते मे या काळात मुक्काम टाळतात. फळ झाडावर असताना बागेत रात्रीची राखण असते आणि अनोळखी गाडीकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. वर फवारणीचा त्रास असतो तो वेगळा. देवराईत गाडी नेत नाहीत. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तेव्हा गावातले अरुंद रस्ते तासन् तास बंद असतात. गौरी-गणपतीत मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, घरे आणि अंगणे भरलेली असतात. या दोन सणांत ओळखीच्या घरचे आमंत्रण असेल तर खुशाल जावे, एरवी दुसरे आठवडे निवडावेत.

वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात आणि साधारण एप्रिलपर्यंत पिल्ले समुद्रात जातात. वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे गावाने ते आपले मानले. रात्री पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. म्हणून अशा ठिकाणी गाडी किनाऱ्यापासून दूर, गावात लावणे आणि बाहेरचे दिवे बंद ठेवणे हे प्रवाशाचे कर्तव्यच आहे.

पाणी आणि सांडपाणी

मध्यम आकाराच्या व्हॅनमध्ये ८० ते १५० लिटरची टाकी बसते. काटकसर केली तर दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, कारण सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून पाणी लवकर निघून जाते. त्या दिवसांत टाकी भरून मागणे म्हणजे एखाद्या घराचा दिवसाचा वाटा मागणे होय. अशा वेळी तालुक्याच्या गावी पाणी विकत घेऊन किनाऱ्यावर उतरावे. समुद्रालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर पाणी चाखून मगच टाकीत घेतलेले बरे. विहिरीत आपली बादली किंवा पाइप सोडण्यापूर्वी घरच्या माणसाला विचारायचे.

भांडी आणि अंघोळीचे पाणी टाकण्याची इथली रीत जुनी आहे: न्हाणीचे पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडतात. साबण बेताचा असेल आणि घरमालकाची संमती असेल, तर व्हॅनचे पाणीही त्याच वाटेने जाऊ शकते.

शौचालयाच्या टाकीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. काढून नेता येणाऱ्या टाकीत १५ ते २० लिटर मैला मावतो. दोन माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते. ती रिकामी करण्याची सार्वजनिक सोय किनाऱ्यावर सहजी मिळत नाही. पेट्रोल पंपावरील किंवा घरगुती शौचालयात, परवानगी घेऊन, थोडे थोडे ओतून पाणी टाकणे हा व्यवहार्य उपाय. दुर्गंधी मारणारी तीव्र रसायने घरगुती सेप्टिक टाकीतले उपयोगी जिवाणू मारतात, त्यामुळे जैविक पावडर वापरणे चांगले. खाडीत, ओढ्यात किंवा खारफुटीत टाकी ओतणे हा अपराधच मानला पाहिजे. त्याच खाडीच्या चिखलात बायका तिसऱ्या आणि कालवे काढायला उतरतात.

वीज, उकाडा आणि खारा वारा

१२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज साठते. छोटा पंखा रात्रभर चालवून त्यातले पाव युनिट जाते, दिवसभर चालणारा फ्रिज अर्ध्या युनिटहून अधिक घेतो. एसी मात्र तासाला जवळपास एक युनिट खातो. त्यामुळे मे महिन्यातल्या दमट रात्री बॅटरीवर एसी लावून झोपण्याचा बेत दोन-अडीच तासांत संपतो. छतावरचे ४०० वॉटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास भरून देते, पण गाडी सावलीत लावली तर तेही नाही. उकाडा टाळायचा की बॅटरी भरायची, हा पेच रोजचा आहे. रात्री घरातून तार घेतल्यास विजेचे पैसे वेगळे द्यावेत आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

खाऱ्या वाऱ्याने गाडीचा खालचा भाग, दाराच्या कडा आणि बॅटरीची टोके गंजतात. किनाऱ्यावरून परतल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुतात. आतल्या लाकूडकामाला साधे प्लाय वापरले तर एका पावसाळ्यात बुरशी धरते.

गॅससाठी पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर सोयीचा. गाडी चालू असताना आणि फेरीबोटीवर त्याची कळ बंद ठेवायची.

घाट, खाड्या आणि भरती

देशावरून कोकणात उतरायला ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत. उंच आणि मागे लांब असलेल्या गाडीला कुंभार्ली किंवा आंबा घाट त्यातल्या त्यात सोपा जातो. वरंध अरुंद आहे आणि पावसाळ्यात तो वारंवार बंद ठेवला जातो. मुंबईहून येणाऱ्यांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो (गाड्या थेट बोटीवर चढवून नेणारी) सेवा २०२० पासून सुरू आहे.

खाली उतरल्यावर खाड्या आडव्या येतात. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या ठिकाणी गाडी फेरीबोटीने ओलांडते. स्थानिक लोक या बोटीला ‘जंगल जेटी’ म्हणतात. दाभोळची बोट चुकली, तर चिपळूणमार्गे गुहागरला जायला शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोट यांतला उतार वाढतो. मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट असलेली व्हॅन तिथे घासते, शिवाय गाडी उलटी घेत चढवावी किंवा उतरवावी लागू शकते. मोठ्या गाडीने भरतीची वेळ साधावी.

ती वेळ काढण्याची कोळ्यांची रीत अजूनही उपयोगी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमार निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि खालीही अधिक उतरते.

एवढे गणित अंगी असते तर पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, रुतलेल्या गाड्यांच्या कितीतरी बातम्या टळल्या असत्या. ओहोटीत टणक वाटणारी ओली वाळू चाकाखाली भुसभुशीत होते, पाणी चढू लागते आणि ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारे पाणी शिरलेले असते. किनाऱ्यावर गाडी घालण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे आणि पोलीस गुन्हे दाखल करतात. मुक्कामाच्या व्हॅनला पुळणीवर काहीही काम नसते.

आरोग्य

जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्यांत फुरसे हा विषारी साप आढळतो. रात्री गाडीतून उतरताना विजेरी आणि बूट लागतात; चपला बाहेर ठेवू नयेत. लाल विंचवाचा दंश एकेकाळी कोकणात मुलांच्या जिवावर बेतत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवल्यावर मृत्यू पुष्कळ घटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दंश झाल्यास उपचार गाडीत न करता १०८ क्रमांकावर फोन करून जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात बहुतेक व्हॅन उभ्या असतात, आणि ते योग्यच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसही गेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराखाली गेले आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ तर पाऊस नीट सुरू होण्याआधीच आले. पावसात यायचेच असेल तर नदीकाठी आणि डोंगराच्या पायथ्याशी रात्री थांबू नये.

प्रवाशांमधील देवघेव

या सगळ्याची माहिती प्रवाशांना एकमेकांकडून मिळते, मुख्यतः व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरील गटांतून. कुठल्या वाटेवर विजेच्या तारा खाली आल्या आहेत, कुठली फेरीबोट दुरुस्तीसाठी बंद आहे, सहा फुटांहून रुंद गाडी देवळापर्यंत जाते का, टँकर सुरू झाले का, रत्नागिरीत इन्व्हर्टर दुरुस्त करणारे कोण आहे, असे प्रश्न रोज येतात. बहुतेकांची उत्तरे तासाभरात मिळतात. खाडीकाठी आणि घाटाखाली मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे अनुभवी लोक ही उत्तरे आदल्या रात्रीच उतरवून घेतात. गाडी बंद पडली तर जवळ असलेला कुणीतरी सुटा भाग घेऊन पोहोचतो. एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांना कुठल्या घरी निर्धास्त राहता येते, ही माहिती या गटांची सर्वांत मोलाची ठेव आहे.

नेमकी जागा नकाशावर टाकण्याबद्दल मात्र मतभेद आहेत. एखाद्या काकूंनी एका गाडीला आपुलकीने अंगण दिले आणि ते ठिकाण सर्वांना कळले, की पुढच्या शनिवारी चार गाड्या न विचारता येऊन उभ्या राहतात; मग प्लास्टिक, मोठ्याने गाणी आणि शेवटी आगराच्या तोंडाशी बांबू आडवा. त्यामुळे काही गटांत घरमालकाचा होकार असल्याशिवाय जागा जाहीर करत नाहीत. विचारणाऱ्याला वेगळे कळवतात, आणि घरी आधी फोन करायला सांगतात.